ओसरीची जागा

माझ्या बायकोला झोपवायचं ठरलं, तेव्हा आमच्या घरात वाद झाला तो डिस्कवरून.

असं सांगितलं की लोक माझ्याकडे विचित्र नजरेनं बघतात. पण माणूस घाबरला की ओळखीच्या वस्तूला जाऊन बिलगतो, आणि माझ्या ओळखीची वस्तू म्हणजे सर्व्हर. मी सुकुमार आवटी. मिरजेजवळच्या एका दूध संघाच्या कॉम्प्युटर विभागात अठ्ठावीस वर्षं काढली. पहाटे पाचपासून गावोगावच्या संकलन केंद्रांवरून नोंदी यायला लागायच्या, आणि त्या घेणारं यंत्र एक मिनिटही बंद पडू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. दूध कुणासाठी थांबत नाही. 'यंत्र जरा बंद करून बघू या' असं कुणी म्हणालं की आमच्याकडे त्याला नवशिका समजत.

त्रिशला हायस्कूलात भूगोल शिकवायची. मूलबाळ नाही, घरात आम्ही दोघंच. तिला जो आजार झाला त्यात मज्जापेशी एकेक करून मरतात. आधी बोटं जातात, मग हात, मग गिळणं, शेवटी श्वास. त्यावरचं औषध तयार होत होतं, पण ते हाती यायला पाच-सहा वर्षं लागणार होती आणि तिच्याजवळ जेमतेम दोन होती. मधली वर्षं आणायची कुठून, या प्रश्नाला तोवर एक उत्तर निघालं होतं. शीतनिद्रा.

उत्तर तसं जनावरांनी फार पूर्वी शोधलेलं. थंड मुलखातल्या काही खारी हिवाळाभर बिळात पडून राहतात. अंग गार पडतं, काळीज मिनिटाला पाच-सहा वेळाच उडतं, सगळा संसार मंद आचेवर. माणसाच्या मेंदूच्या तळाशीही अंगाची ऊब ठरवणाऱ्या पेशींचा एक पुंजका असतो. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी बाहेरूनच, कवटीला धक्का न लावता, त्या पुंजक्यावर नेमक्या ठेक्यात सोडल्या की तो शेगडी बारीक करतो. त्रिशलाचं अंग तीस अंशांवर येणार होतं आणि नाडी मिनिटाला चौदावर. आजारही त्याच शेगडीवर शिजत असतो, त्यामुळे तोही रेंगाळतो. सहा वर्षांच्या झोपेत तो वर्षभराएवढाच पुढे सरकतो.

अडचण असते ती ठेक्याची. शरीर पुन्हा पुन्हा जागं व्हायला बघतं आणि प्रत्येकाच्या शरीराची तऱ्हा निराळी. म्हणून पलंगाशेजारी कपाटाएवढं एक यंत्र असतं, त्याला निद्रापाल म्हणतात. तो दर काही सेकंदांनी देहाचा कल बघून ठेका बदलतो, आणि काय केल्यावर काय झालं ते लिहून ठेवतो. लिहील तेवढा शहाणा होतो. या शहाणपणाला डिस्कवर जागा लागते, आणि ती वाढत जाते.

यंत्र बसवायला कंपनीकडून निलोफर सतारमेकर आली होती. मिरजेतलीच, सतारी घडवणाऱ्या घरातली, वय सत्तावीस-अठ्ठावीस. बॅग उघडता उघडता म्हणाली, "काका, मूळ विभाग साध्या पार्टिशनवर टाकते. कंपनीची तीच पद्धत आहे."

मूळ विभाग म्हणजे डिस्कचा तो भाग, जिथून यंत्र उठतं आणि जिथे त्याचा सगळा कारभार असतो. निद्रापालाचं शहाणपणही तिथेच साठायचं. कंपनीला परवाना मिळाला तेव्हा तसं ठरलं होतं, आणि त्या सॉफ्टवेअरला मूळ विभागाबाहेर एक अक्षर लिहायची मुभा नव्हती. साधं पार्टिशन ही विटांची भिंत. खोली लहान पडली तर यंत्र बंद करायचं, भिंत पाडायची, नवी बांधायची.

"किती वेळ बंद?" मी विचारलं.

"अकरा मिनिटं. दोन-अडीच वर्षांतून एकदा. डॉक्टर समोर असतात ओ, घाबरण्यासारखं काही नसतं."

"त्या अकरा मिनिटांत हिचं काय होतं?"

निलोफरनं त्रिशलाकडे बघितलं. त्रिशला खुर्चीत बसून ऐकत होती. उजवा हात मांडीवर, त्यावर डावा ठेवलेला. "अंग तापायला लागतं," निलोफर म्हणाली. "कापरं भरतं. पुन्हा खाली न्यायला तीन-चार दिवस जातात. थोडं नुकसान होतं, नाही असं नाही."

"मग मूळ विभाग लॉजिकल व्हॉल्यूमवर टाक."

त्या पद्धतीत सगळ्या डिस्कांची जागा एका साठ्यात ओततात आणि त्यातून प्रत्येक विभागाला लागेल तेवढी काढून देतात. भिंती सरकत्या. यंत्र चालू असताना, कुणाला पत्ता न लागता, मूळ विभाग मोठा करता येतो. संघात मी वर्षानुवर्षं तेच करत आलो होतो.

"करता येतंय की," निलोफर म्हणाली. "पण एखाद्या दिवशी यंत्र उठलंच नाही तर? साधं पार्टिशन असलं तर कंपनीची किल्ली लावून घरातलं कुणीही उठवेल, कागदावर चार ओळी लिहून ठेवल्या की झालं. व्हॉल्यूम असले की आधी साठा शोधा, तो जोडा, जागा करा, मग मूळ विभाग हाताला लागणार. तुम्हाला येतंय. तुम्ही नसला तर?"

"मी कुठे जातोय?"

"तसं नाही ओ. आमचे आजोबा सतारीचा भोपळा सरसानं चिकटवायचे. बाजारात त्याहून घट्ट बसणारे गोंद आले, तरी सरसच. म्हणायचे, पन्नास वर्षांनी ही सतार कुणाच्या हातात पडेल कोण जाणे, त्याला ती उघडता आली पाहिजे. सरस ऊब दिली की सुटतो. दुसरं सगळं फुटतं, सुटत नाही."

यावर मी संघातली माझी अठ्ठावीस वर्षं मध्ये काढली. उत्तर नसलं की मी ती काढतो.

"अहो, ती पोरगी बरोबर सांगतेय असं मला वाटतंय," त्रिशला म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पण तसं केल्यानं तुम्हाला झोप लागणार असेल तर करा. माझी तर लागणारच आहे."

आम्ही तिघंही हसलो. निलोफरनं मला हवं तसं करून दिलं. साठ्यातली निम्मी जागा तिनं मोकळी सोडली आणि जाताना बजावलं, "ही मूळ विभागासाठी आहे. रिकामी दिसली तरी हात लावायचा नाही बघा, काका."

आता दुसरी गोष्ट सांगतो, जी तेव्हा मी त्या दोघींनाही सांगितली नव्हती.

झोपवायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारलं, की पहिलं लक्षण कधी दिसलं. मला तो दिवस पक्का आठवत होता. आम्ही संध्याकाळी ओसरीत चहा घेत होतो. त्रिशला म्हणाली, "हल्ली फळ्यावर लिहिताना हातातून खडू सुटतो." मी म्हणालो, "खडू बदल." स्वतःच्या विनोदावर हसलोही. त्या वर्षी संघात नवी यंत्रणा बसत होती, माझं डोकं तिथे होतं. पुढे तिनं दोनदा पुण्याला दाखवू या म्हटलं आणि दोन्ही वेळा मी पुढच्या महिन्यावर ढकललं. असे आठ महिने गेले. डॉक्टरांनी ते ऐकून चष्मा काढला. म्हणाले, तेव्हाच आला असतात तर हाताशी असलेल्या गोळ्यांवर आजार धरून ठेवता आला असता. झोपवायची वेळ आली नसती.

मी आत गेलो. तिनं विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "सगळं ठीक आहे म्हणाले." दुसऱ्या दिवशी सकाळी ती झोपली.

*

सुरुवातीला माणसांचा राबता होता. झोपलेलं माणूस घरी आहे म्हटल्यावर लोक दर्शनाला आल्यासारखे येत. दारात चपला काढत, कुजबुजत बोलत, निघताना पलंगाला हात लावून तो कपाळाला लावत. मी चहा करून दमायचो. सहा महिन्यांत गर्दी ओसरली, वर्षभरात सणावारी येणारे उरले, आणि मग माझी मेहुणी तेवढी फोन करायची. तिचाही प्रश्न एकच, "काही फरक?" फरक पडू नये म्हणूनच तर एवढा खटाटोप होता.

मी त्रिशलाशी पहिल्या दिवसापासून बोलत होतो. निद्रापालाला परिचारिकेच्या टिपणांसाठी एक कॅमेरा आणि माईक होता. एका सकाळी मनात आलं, हे बोलणं वाया का घालवायचं? उठल्यावर तिला ऐकता येईल. सहा वर्षांचं जग मी तिला जसंच्या तसं देईन. सांभाळणाऱ्याला परीक्षा देऊन यंत्राची चावी मिळते, ती माझ्याकडे होती. साठ्यात निम्मी जागा पडून होती. मी त्यातून एक नवा विभाग काढला आणि त्याला नाव दिलं 'ओसरी'.

मग रोज सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर ओसरी. आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवायची रीत. त्रिशला होती तेव्हा ती घाई करायची, आता मी एकटाच ताट घेऊन तिच्या पलंगाशी बसायचो आणि जेवता जेवता कॅमेऱ्याला बातम्या सांगायचो. कृष्णेला पाणी किती आलं, हायस्कूलच्या इमारतीला कुठला रंग दिला, शेजारच्या मगदूमांनी पपईचं झाड आमच्या बाजूला कसं झुकू दिलं. ओसरी भरत आली की साठ्यातून आणखी जागा घ्यायची. पुढे तेही हातानं करायचा कंटाळा आला, म्हणून ओसरीनंच आपली आपण जागा घ्यावी अशी सोय करून ठेवली. साठा नव्वद टक्के भरल्याचा इशारा वाजायला लागला. रोज वाजायचा. मी तो बंद केला.

हे वाचून कुणी संघातला माणूस कपाळावर हात मारून घेईल. मारू दे. इशारा बंद करणाऱ्या पोरांना मी स्वतः नोटिसा दिलेल्या आहेत.

दशलक्षण पर्व संपलं की आम्हा जैनांत क्षमावाणी असते. वर्षभरात मन दुखावलं असेल त्याची माफी मागायची. 'उत्तम क्षमा' म्हणायचं, समोरच्यानंही तेच म्हणायचं आणि मन मोकळं करायचं. पहिल्या वर्षी त्या दिवशी मी कॅमेरा लावला आणि खडूची गोष्ट सांगितली. आठ महिने, डॉक्टर, सगळं. रडलो. दुसऱ्या वर्षी पुन्हा सांगितली. अशा पाच क्षमावाण्या ओसरीत जमा झाल्या. दर वर्षी सांगून झालं की मला बरं वाटायचं, आणि दोन-तीन दिवस झोप छान लागायची.

*

पाचव्या वर्षी पौषात, एका मंगळवारी सकाळी दहाला निद्रापालाचा हिरवा दिवा पिवळा झाला.

शीतनिद्रेतल्या खारीसुद्धा सलग झोपत नाहीत. मधूनच अंग तापवून जाग्या होतात, थोडा वेळ जागतात आणि पुन्हा गार पडतात. का, ते अजून कुणाला नीट उमगलेलं नाही. त्रिशलाच्या देहाला ती उबळ इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आली होती. तिचा खांदा हलला. तो मी बघितला आणि वेड्यासारखा आनंद झाला, मग पडदा वाचला. निद्रापाल तिला खाली धरून ठेवण्यासाठी झगडत होता, सेकंदाला शंभर वेळा ठेका बदलत होता, आणि प्रत्येक वेळचं लिहून ठेवत होता. मूळ विभागात तीन तासांची जागा उरली होती. लिहिता आलं नाही की तो थांबतो.

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "यंत्र थांबू देऊ नका. एरवीची गोष्ट वेगळी. आत्ता या उबळीत थांबलं तर तिच्या हृदयाला झेपणार नाही. मी निघालोच." कंपनीच्या मदत क्रमांकावर एक गोड आवाज मला पर्याय मोजून दाखवत राहिला. नवी डिस्क पुण्याहून संध्याकाळच्या आत येणं शक्य नव्हतं. मी निलोफरला फोन केला. ती कंपनी सोडून बंगळुरूला गेलेली, दोन वर्षांत बोलणं नाही.

"काका? काय झालं?"

सांगितलं. ती लगेच म्हणाली, "मग वाढवा की मूळ विभाग. त्यासाठीच तर भांडला होता. एक ओळीचं काम आहे."

"साठ्यात जागा नाही."

"निम्मी सोडली होती मी."

"हो."

"कुठे गेली?"

मी सांगितलं. चावी माझी, हात माझे, सांगायला तोंडही माझंच हवं होतं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"त्यातलं जुनं जुनं पुसा," ती म्हणाली.

"पुसून काय होतंय? ओसरीतली माणसं उठून गेली म्हणून ओसरी लहान होत नाही."

"बरोबर आहे. मग ओसरी लहान करा."

"आधी बंद करायची, तपासायची, आतलं सगळं एका कडेला आणायचं. चार तास तरी लागतील." माझ्याकडे आता अडीच होते. "पूर्ण काढून टाकायला चार सेकंद."

"दुसरीकडे उतरवून घेता येणार नाही?"

तिलाही उत्तर माहीत होतं. या यंत्रांची तोंडं कायद्यानंच शिवलेली असतात. बाहेर जाणारी वाट एकच, इस्पितळाकडे टिपणं पाठवायची, आणि तीही बारीक. तीन मिनिटांचं एक टिपण जायला अर्धा तास, शिवाय त्रिशलाची नाडी डॉक्टरांपर्यंत त्याच वाटेनं जात होती.

"एक जाईल, काका," निलोफर म्हणाली. "एकच. लवकर निवडा."

पावणेपाच वर्षांतली तीन मिनिटं. निवडायला वेळ लागला नाही, मी सरळ शेवटच्या क्षमावाणीवर गेलो. तेवढं वाचलं की पुरे होतं. जग बुडालं तरी चालेल, तिला ते कळायला हवं होतं. जिथून खडूची गोष्ट सुरू होते तिथे खूण करण्यासाठी मी ते लावलं.

पडद्यावरचा माणूस छान बोलत होता. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, त्याला बरोबर ठाऊक होतं. 'खडू बदल' म्हणताना तो डोळे मिटून घेत होता. मी मागच्या वर्षीचं लावून बघितलं, तिथेही त्याच जागी मिटत होता. पाच वर्षं तालीम केलेलं भाषण होतं ते, आणि समोर बसलेल्या बाईला उलट काही विचारता येणार नव्हतं, म्हणून ते इतकं रंगत होतं. मला स्वतःची शिसारी आली.

मी मागे गेलो. तिसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये तिच्या शेवटच्या वर्गातल्या मुली दहावी होऊन भेटायला आल्या होत्या. त्यांतल्या एकीनं तिच्या उशाशी उभं राहून, तिनं शिकवल्याप्रमाणे, सह्याद्रीतले घाट उत्तरेकडून दक्षिणेकडे म्हणून दाखवले होते, आणि मध्येच एक विसरल्यावर बाकीच्या सगळ्या एकदम ओरडल्या होत्या. दोन मिनिटं पन्नास सेकंद. ते पाठवलं.

ते पोचल्याचं कळल्यावर फोन कानाला तसाच धरून मी ओसरी काढून टाकायची ओळ लिहिली. यंत्रानं विचारलं, खरंच काढायची? हो की नाही?

"काका, आहात ना?" निलोफरनं विचारलं.

"आहे."

मी 'हो'ची कळ दाबली. चार सेकंदही लागले नाहीत. दुसरी ओळ लिहिली आणि मूळ विभागाला सगळी जागा देऊन टाकली. निद्रापालाला त्याचा पत्ताही लागला नाही, तो आपला लिहीत राहिला. डॉक्टर पोचले तेव्हा तिचं अंग उतरायला लागलं होतं. एक वाजायच्या आत दिवा पुन्हा हिरवा झाला, आणि तिचा हललेला खांदा मी पुन्हा चादरीनं होता तसा झाकला.

डॉक्टर गेल्यावर निलोफरनं स्वतःहून फोन केला. "काका, साधं पार्टिशन असतं तर आज यंत्र बंद करावंच लागलं असतं. डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत ना? तुमचं बरोबर होतं म्हणायचं."

"साधं पार्टिशन असतं तर मला ओसरी बांधताच आली नसती. तुझी जागा तशीच राहिली असती."

"मग चुकलं म्हणू?"

"काहीच म्हणू नकोस," मी म्हणालो, आणि तिला घरचं सगळं विचारलं. आजोबा गेल्याचं तिनं तेव्हा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्चीत बसलो आणि तोंड उघडलं, तर शब्द फुटेना. कॅमेरा बंद होता. मी नक्की कुणाशी बोलत आलो होतो ते त्या सकाळी कळलं, आणि ते कळून घर फार मोठं वाटायला लागलं. बऱ्याच दिवसांनी हळूहळू पुन्हा बोलायला लागलो, थोडंच, पपईबिपईबद्दल. पुढची क्षमावाणी आली तेव्हा तिच्याजवळ गेलो, बसलो आणि काही न बोलता उठलो.

*

औषध आलं तेव्हा तिला झोपून सहा वर्षं आणि दोन महिने झाले होते.

जाग यायला चार दिवस लागतात. पाचव्या दिवशी तिनं मला ओळखलं, दहाव्या दिवशी आवाज परत आला, घोगरा. पहिलं वाक्य म्हणाली, "म्हातारे झालात." मी म्हणालो, "तू झोपली होतीस, मी जागा होतो." पंधरवड्यानंतर घरी आणली. निद्रापाल कंपनीनं नेला होता. भिंतीवर त्याच्या मापाचा एक पांढरा चौकोन राहिला होता, तिकडे ती बराच वेळ बघत बसली.

त्या दुपारी मी तिला मुलींचं ते टिपण दाखवलं. इस्पितळानं जपून ठेवलं होतं. तिनं ते तीनदा लावायला लावलं आणि विसरलेला घाट तिसऱ्या वेळी त्यांच्याबरोबर स्वतःही म्हणाली. मग माझ्याकडे वळली.

"मुली बोलल्या. तुम्ही सहा वर्षं काय बोललात?"

"रोज काहीबाही बोलायचो. साठवलंही होतं तुझ्यासाठी. ते गेलं." कसं गेलं ते सांगितलं. निलोफरनं सोडलेली जागा, ओसरी, मी बंद केलेला इशारा.

"पोरगी बरोबर सांगत होती," ती म्हणाली.

"हो."

"जाऊ दे. आठवेल तसं सांगा."

हसत म्हणाली ती. तेवढ्यावर थांबता आलं असतं. पपईपासून सुरुवात केली असती तर चार महिने पुरलं असतं.

"त्रिशला, तू म्हणाली होतीस, हातातून खडू सुटतो."

"हं. तुम्ही म्हणालात, खडू बदल." अजून हसतच होती.

"झोपवायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं होतं. ते म्हणाले..." इथे मला नेमकं कुठे थांबायचं ते आठवेना. आवाज वरच राहिला, शब्द मागेपुढे झाले. "म्हणाले, तेव्हाच आणलं असतं तर झोपवावं लागलं नसतं. गोळ्यांवर भागलं असतं. आठ महिने. मी तुला सांगितलं नाही. तू विचारलंस आणि मी ठीक आहे म्हणालो." तिच्याकडे बघणं मला जमत नव्हतं, तरी बघितलं. "आज क्षमावाणी नाही, माहीत आहे मला. उत्तम क्षमा."

यावर समोरच्यानं तेच दोन शब्द म्हणायचे असतात. लहानपणापासून आम्ही ते ओळखीअनोळखीच्या कुणालाही म्हणत आलोय.

तिनं उजवा हात उचलला, बोटं उघडली, मिटली. औषध लागू पडलं होतं, बोटं चांगली मिटत होती.

"हे तुम्ही याआधी म्हणालात मला?"

"पाचदा. दर वर्षी."

"मी झोपलेली असताना."

"हो."

"तुमचं पाचदा सांगून झालंय," ती म्हणाली. "मी आत्ता ऐकतेय." तिनं तोंड खिडकीकडे वळवलं. "मला वेळ लागेल."

"घे."

"किती ते मला माहीत नाही."

"थांबतो मी."

मी त्याच खुर्चीत बसून राहिलो. सहा वर्षं ती याच खोलीत माझ्याशी न बोलता होती आणि ते मी सोसलं होतं, पण आता ती जागी होती.

सूर्य मावळायला अजून पाऊण तास होता. त्याआधी तिला पेज द्यायला हवी होती. मी उठून स्वयंपाकघरात गेलो.